हिरवा दोर, पांढरा दोर

गेल्या उन्हाळ्यात पाथरीच्या शिवारात एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या विहिरीवर उभा होतो. पाणी खाली गेलेलं, त्यामुळे मोटार आणखी सात-आठ फूट खाली सोडायची होती. पाइप कुठंतरी कपारीत अडकला होता. घरातला पंचविशीतला मुलगा म्हणाला, "मी दोराला धरून उतरतो अन् सोडवतो." तेवढ्यात शेतातून चहा आला, म्हणून तो थांबला. चहा झाल्यावर आधी मोटार थोडी वर ओढून बघू असं ठरलं. तिघांनी दोर धरला, एक हिसका दिला आणि दोर तुटला. मोटार पाइपावर लोंबकळत राहिली, तिघंही मागे ढेकळांत पडले. लागलं कुणालाच नाही. पण त्या मुलाचा चेहरा मी विसरलेलो नाही.

दोर दिसायला उत्तम होता. बोटाएवढा जाड, पांढराशुभ्र. मालक पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, "सर, दिवाळीत तर धुतलाय बगा. लई शेवाळ धरलं होतं, हात लावू वाटत नव्हता." कशानं धुतला? संडास धुवायच्या ॲसिडनं. बादलीत अर्धी बाटली ओतून दोर रात्रभर बुडवून ठेवला, सकाळी विहिरीवरच दोन बादल्या पाणी मारलं आणि उन्हात टाकला. दोर नव्यासारखा झाला. त्या नव्यासारख्या दोरावर एक जीव उतरणार होता.

तुटलेला वीतभर तुकडा मी घरी घेऊन आलो. तो अजून माझ्या टेबलावर आहे आणि आजचा लेख त्याच्यावरूनच सुचला. आरोग्याच्या सदरात दोर कशाला, असं कुणी म्हणेल. पण आपल्याकडे दोरावर माणसं विहिरीत उतरतात आणि दोरानंच पिण्याचं पाणी वर येतं. मग याहून आरोग्याचा विषय कोणता?

दोरावरच्या शेवाळाची सगळ्यांत जास्त काळजी ज्यांना करावी लागते, ती माणसं आपल्यापासून दूर राहतात. पाथरीहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरच्या वर. तिथं शिडाच्या नौका चालवणाऱ्यांचं सगळं आयुष्यच दोरांवर टांगलेलं असतं. शीड डोलकाठीवर चढवायचं ते दोरानं, वाऱ्याच्या कलानं ओढून धरायचं ते दोरानं, वादळात आवरायचं तेही दोरानंच. कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' नौकेतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. वाटेत ते फक्त चार बंदरांत थांबले. त्यांच्यानंतर अभिलाष टॉमी 2012-13 मध्ये त्याच नौकेतून कुठंही न थांबता जग फिरून आले. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये गोव्याहून निघालेल्या लेफ्टनंट कमांडर दिलना आणि लेफ्टनंट कमांडर रूपा या दोघी 'तारिणी'तून 2025 च्या मे महिन्यात परत आल्या. अशा प्रवासात भर समुद्रात दोर तुटला तर नवा आणायला बाजार नसतो. म्हणून दर्यावर्दी दोराकडे ज्या नजरेनं बघतात, ती नजर आपल्या विहिरींवर यायला हवी असं मला वाटतं.

त्या नजरेला पहिली गोष्ट कळते ती ही की हिरवा रंग हा दोराचा आजार नाही. शेवाळ ही एक सूक्ष्म वनस्पतीच समजा. तिला उजेड, ओल आणि थोडी धूळ-माती एवढंच लागतं. अन्न ती स्वतः उन्हात तयार करते, दोर खात नाही. नायलॉन, पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन यांतला कुठलाच धागा शेवाळाला पचत नाही. ते दोराच्या अंगावर बसतं, भिंतीवर बसतं तसं. आपल्याच विहिरीवर जाऊन पाहा. दोर हिरवा असतो तो तोंडाजवळच्या चार-सहा हातांत, जिथं उजेड पोचतो. खाली अंधारात गेलेला भाग हिरवा नसतो. तिथं तपकिरी-काळसर बुळबुळीत थर असतो, तो जिवाणूंचा आणि गाळाचा. शेवाळ फक्त एवढंच सांगतं, की इथं ओल टिकून आहे आणि उजेड आहे. समुद्रावर त्यात मिठाची भर पडते. वाळलेलं समुद्री मीठ हवेतली ओल शोषून घेतं, त्यामुळे खाऱ्या पाण्यात भिजलेला दोर पुरता वाळतच नाही. पावसाळ्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. होड्या ओढून ठेवलेल्या असतात, आणि ज्यांनी दोर काढून कोरड्या जागी टांगलेले नसतात त्यांना ते नारळी पौर्णिमेच्या सुमारास हिरवे आणि काठीसारखे ताठ झालेले सापडतात.

आता उलटी बाजू बघा. विहिरीवर सावलीत, ओलीत राहिलेला दोर हिरवा होतो. पत्र्यावर, मांडवावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उन्हात पडलेला दोर मात्र वर्षानुवर्षं स्वच्छ दिसतो. कारण उन्हात शेवाळाला ओल मिळत नाही. पण प्लास्टिकच्या दोराचा खरा वैरी ऊनच आहे. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण धाग्याच्या लांब साखळ्या तोडत जातात, आणि पॉलिप्रॉपिलीन या बाबतीत सगळ्यांत कच्चं. दोर हातात घेतल्यावर पांढरी भुकटी लागली, धागे कुसळासारखे टोचले, वाकवताना कडकड आवाज आला, तर तो दोर संपला असं समजावं. मराठवाड्याच्या उन्हात हे व्हायला फार वर्षं लागत नाहीत. म्हणजे हिरवा, घाणेरडा दोर कदाचित धडधाकट असेल आणि स्वच्छ, फिकट दोर आतून मेलेला असेल. आपण मात्र पहिल्याला धुवायला घेतो आणि दुसऱ्यावर भरवसा ठेवतो.

जुन्या काळी हा हिशोब वेगळा होता, तेव्हा ओल ही खरोखरच दोराची वैरीण होती. आपल्या आजोबांच्या पिढीत दोर अंबाडीचे नाहीतर तागाचे. मोटेचा नाडा, बैलाचा कासरा, म्हशीचं दावं, पोहऱ्याचं चऱ्हाट, सगळं घरीच वळलेलं. अंबाडी कापून पेंढ्या ओढ्यात नाहीतर डबक्यात बुडवून ठेवायच्या, वर दगड ठेवायचे. आठ-पंधरा दिवसांत पाणी वास मारायला लागलं की साल सुटते. हे काम जिवाणू करतात. सालीतल्या धाग्यांना चिकटवून ठेवणारा पदार्थ ते खाऊन टाकतात आणि धागा मोकळा होतो. गंमत अशी की ज्या जिवाणूंनी धागा मोकळा करून दिला, त्यांच्याच भाऊबंदांना आणि बुरशीला पुढं ओला दोर मिळाला तर ते धागाही खातात. म्हणून म्हातारी माणसं दोर ओला ठेवू देत नसत. काम झालं की खुंटीला टांगायचा हा दंडक होता. कोकणात होड्यांना काथ्याचे दोर, कारण नारळाच्या काथ्यात लाकडासारखा चिवट भाग जास्त असतो, तो लवकर सडत नाही. ते सोडण तर कित्येक महिने खाऱ्या-मचूळ पाण्यात भिजवतात तेव्हा कुठं काथ्या निघतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण त्याच दोराची.

प्लास्टिकचे दोर आले आणि सडण्याची भीती गेली. भीती गेली तसा खुंटीचा दंडकही गेला. दोर वर्षभर विहिरीत, नाहीतर विहिरीच्या काठावर चिखलात. नवी वस्तू आली, तिची निगा कशी ठेवायची हे मात्र कुणी सांगितलं नाही. जुन्या वस्तूची निगा सांगायला घरात म्हातारी माणसं होती, नव्या वस्तूची सांगायला फक्त दुकानदार. आणि दुकानदार दोर किलोवर विकतो.

ते धुण्याचं प्रकरण याच अज्ञानातून आलं. हार्डवेअरच्या दुकानात प्लास्टिकचा कुठलाही दोर 'नायलॉन' या एकाच नावानं मिळतो. प्रत्यक्षात निळा, हिरवा, पिवळा असा जो हलका दोर आपण नेहमी घेतो, तो बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीनचा असतो. खरा नायलॉन वेगळा, पॉलिएस्टर आणखी वेगळा. दिसायला सारखे, पण रसायनांपुढं त्यांचे स्वभाव एकदम निराळे. ॲसिडनं पॉलिप्रॉपिलीनला फारसं काही होत नाही. नायलॉनच्या साखळ्या मात्र तीव्र ॲसिडमध्ये जागोजागी तुटतात. बॅटरीतल्या ॲसिडचा नुसता स्पर्श झालेले गिर्यारोहकांचे नायलॉनचे दोर बाहेरून काही न दिसता तुटल्याची उदाहरणं आहेत. पॉलिएस्टरला ॲसिडपेक्षा तीव्र क्षाराचं भय जास्त, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं. शर्यतीच्या शिडांना वापरतात त्या केव्हलरसारख्या महागड्या धाग्यांना ब्लिच आणि ऊन दोन्ही सोसत नाहीत.

ओळखायचं कसं? याला प्रयोगशाळा लागत नाही. दोराचा बोटभर तुकडा कापा, पाण्यात धरून चांगला दाबा म्हणजे आतली हवा निघून जाईल, आणि सोडून द्या. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिएथिलीन पाण्यापेक्षा हलके, ते तरंगतात. नायलॉन आणि पॉलिएस्टर जड, ते बुडतात. माझ्या टेबलावरचा तुकडा मी त्याच संध्याकाळी तांब्यात टाकला. बुडाला. त्याचे धागे नखानं ओढले तर जुन्या सुतासारखे तुटत होते. कापायच्या टोकाजवळ, जिथं दोर गाठीत होता, तिथं तर पीठ झालं होतं. ॲसिड गाठीच्या आत शिरलं होतं आणि दोन बादल्या पाण्यानं तिथलं काही धुतलं गेलं नव्हतं.

त्यात आणखी दोन गोष्टी मिळतात. नायलॉन भिजला की त्याची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते, ती वाळल्यावर परत येते. आणि गाठ मारली की कुठल्याही दोराची ताकद गाठीपाशी बरीच घटते, कधी कधी निम्म्यावर येते. ओला दोर, त्याला गाठ, वर ॲसिडचा मार. दुकानात सांगितलेली ताकद आणि विहिरीत उरलेली ताकद यांत किती अंतर पडलं असेल!

दुसरी सवय टीसीएलची. गावातल्या विहिरीत पावसाळ्यात टीसीएल पावडर टाकतात, तीच चिमूटभर घेऊन काही जण दोर, पोहरा, हौद घासतात. इथं एक हिशोब करून बघण्यासारखा आहे. पाणी शुद्ध करायला चांगल्या प्रतीची ब्लिचिंग पावडर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते. विहिरीत एवढी पावडर पडल्यानं दोराला काहीही होत नाही, त्यामुळे टीसीएल टाकू नका असा अर्थ कुणी काढू नये. ती टाकलीच पाहिजे. पण तीच पावडर पंधरा लिटरच्या बादलीत मूठभर, समजा पन्नास ग्रॅम टाकली, तर ते पाणी विहिरीच्या मानानं तेराशे पटींहून अधिक तीव्र होतं. त्यात नायलॉनचा दोर रात्रभर ठेवणं म्हणजे त्याचं आयुष्य रात्रभरात खर्चून टाकणं. आणि टीसीएल आणि संडासचं ॲसिड एका बादलीत कधीही, कुणीही, कुठल्याही कारणानं एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो फुप्फुसं जाळतो. "दोन्ही टाकल्यावर जास्त साफ होईल" असं मला एका शहाण्या माणसानं सांगितलं होतं, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

मग धुवायचं कसं? शिडाच्या नौकांवरची माणसं जे करतात ते इतकं साधं आहे की सांगताना संकोच वाटतो. गोडं पाणी, वेळ, आणि सावली. दोर आधी पूर्ण वाळू द्यायचा. वाळलं की शेवाळ मरतं, ठिसूळ होतं. मग तो मोकळ्या जागी झटकायचा, मऊ ब्रशनं लांबीच्या दिशेनं झाडायचा. हे करताना तोंडाला रुमाल बांधावा, विशेषतः दमा असलेल्यांनी. ती भुकटी आणि बुरशी छातीत गेली तर त्रास होतो. नंतर साध्या, गार पाण्यात रात्रभर भिजत घालायचा. सकाळी पाणी बघा, काय निघालं ते कळेल. बादलीच्या तळाशी बसलेली ती रेती, तीच खरी धुवायची होती. दोराच्या पिळात शिरलेली रेती दोर ताणला-सैल झाला की आतल्या आत धागे कापत राहते, समुद्रावर हेच काम मिठाचे खडे करतात. पाणी दोन-तीनदा बदलायचं. चिकट मळ असेल तर अंगाच्या साबणाचं नाहीतर भांड्यांच्या साबणाचं पातळ पाणी, मग पुन्हा साधं पाणी, साबणाचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत. उकळतं पाणी नको. गाडी धुवायच्या जोराच्या फवाऱ्यानं तर मुळीच नको, त्यानं मळ आत ढकलला जातो आणि वरचे धागे पिंजतात. वाळवायचा तो सावलीत, वाऱ्यावर, आडव्या काठीवर सैल वेटोळी टाकून. नौकांवरचे बारीक दोर काही जण उशीच्या अभ्र्यात घालून धुलाईयंत्रात टाकतात, त्याचं कारण एवढंच की दोर यंत्रात गुंतू नये.

एवढं केल्यावरही दोरावर हिरवट डाग राहील. राहू द्या. डागानं दोर तुटत नाही.

डाग घालवण्यापेक्षा वीस मिनिटं दोर हातातून सरकवण्यात घालवलेली बरी. वीतभर सरकवायचा, बोटांनी पीळ थोडा उकलायचा, आत बघायचं. आतले धागे बाहेरच्यापेक्षा स्वच्छ आणि अखंड असले पाहिजेत. आत भुकटी, तुटके केस, एखादी चपटी किंवा ताठ जागा सापडली तर तिथून दोर कापून टाकायचा. दर्यावर्द्यांची आणखी एक युक्ती आहे, आणि ती आपल्या मोटारीच्या दोराला तंतोतंत लागू पडते. दोर कप्पीवर, काठावर नेहमी एकाच जागी घासतो. म्हणून ते अधूनमधून तो हातभर पुढं-मागं सरकवून बांधतात, आणि काही काळानं टोकं उलटी करतात. म्हणजे झीज एका जागी साचत नाही. आपल्या विहिरीवर दोर एकदा बांधला की तुटेपर्यंत त्याच दगडावर घासत राहतो.

इथवर दोराच्या ताकदीचं झालं. पाण्याचं राहिलं आणि ते तितकंच महत्त्वाचं आहे.

नळयोजना आल्या, टाक्या झाल्या, तरी उन्हाळ्यात नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं तेव्हा माणसं पुन्हा विहिरीकडे वळतात. पोहरा विहिरीत जातो, वर येतो, जमिनीवर ठेवला जातो. ओला दोर चिखलात पडतो. त्याच चिखलात जनावरं उभी राहतात, पोरं अनवाणी येतात. पुढचा माणूस तोच दोर पुन्हा विहिरीत सोडतो. म्हणजे काठावरची घाण प्रत्येक खेपेला आपण स्वतः पाण्यात पोचवतो. जागतिक आरोग्य संघटनेनं उघड्या विहिरींच्या पाहणीसाठी जी प्रश्नावली केली, तीत दोर आणि बादली घाण होईल अशा जागी ठेवलेली असते का, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारलेला आहे. त्या प्रश्नाचं उत्तर आपल्या बहुतेक विहिरींवर काय येईल हे सांगायला नको. जुलाब, कावीळ, विषमज्वर यांचे जंतू हिरवे नसतात. दोर पांढराशुभ्र असला तरी ते त्यावर असू शकतात.

वाईट वाटतं ते यामुळे की मराठवाड्यात याच दोरानं एकेकाळी आरोग्याचं मोठं काम केलं आहे. आपला परभणी जिल्हा बारवांचा. वालूरची चक्राकार बारव पाहायला आता लांबून लोक येतात, चारठाण्यातही बारव आहे. स्थापत्य म्हणून त्या अप्रतिमच. पण पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवून घागर भरायची, ही रीत नारूच्या कृमीच्या फार सोयीची होती. नारू झालेल्या माणसाचा पाय पाण्यात बुडाला की जखमेतून कृमीची पिल्लं पाण्यात सुटत, ती पाण्यातल्या बारीक सायक्लॉपच्या पोटात जात आणि ते पाणी पिणाऱ्या दुसऱ्याच्या पोटात. देशात 1980 च्या दशकात नारू निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा पायविहिरींना कठडे बांधून, पायऱ्या बंद करून त्यांच्या दोर-बादलीच्या विहिरी करणं हा त्यातला एक मोठा भाग होता. माणसाचा पाय पाण्यापासून दूर ठेवला तो दोरानं. 1996 मध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. ज्या दोरानं हे केलं, त्याला आपण खुंटीही देऊ शकलो नाही.

गोदाकाठच्या गावांसाठी एक वेगळी गोष्ट. ढालेगावच्या बंधाऱ्यामुळे गंगेत पाणी तुंबून राहतं, त्याचा फायदा सगळ्यांना आहे. पण कुठल्याही तुंबलेल्या पाण्यात शेतांतून वाहून आलेलं खत साचलं आणि ऊन तापलं की पाण्यावर हिरव्या रंगाचा तवंग येऊ शकतो, सांडलेल्या ऑइलपेंटसारखा. हे साधं शेवाळ नव्हे. हे निळे-हिरवे जिवाणू, आणि त्यांच्यातल्या काही जाती यकृतावर घाला घालणारं विष तयार करतात. पाणी उकळून ते विष जात नाही. असा तवंग दिसला तर होडीचे आणि जाळ्याचे दोर हाताळल्यावर हात साबणानं धुवावेत, तो दोर दातात धरू नये, जनावरांना तिथं पाणी पाजू नये. होडीतली माणसं दोन्ही हात गुंतले की दोर दातात धरतात हे मी पाहिलं आहे.

माझं म्हणणं असं की हा केवळ घराघरातल्या निगेचा प्रश्न नाही. खाण्याच्या पुड्यावर आत काय आहे आणि कधी बनवलं हे छापावं लागतं. औषधाच्या गोळीवर तारीख असते. पण ज्या दोरावर माणूस चाळीस फूट खाली उतरतो, त्याच्या वेटोळ्यावर धागा कोणता, किती भाराचा, कोणत्या साली बनला, यातलं काहीही नसतं. गिर्यारोहकांच्या आणि उंचावर काम करणाऱ्यांच्या दोरांवर हे सगळं असतं, म्हणजे करता येतं. फक्त शेतकऱ्याला विकताना करत नाहीत. कृषिपंपाच्या दुकानात मोटारीची हमी मिळते, पाइपाची मिळते, दोर मात्र वर फुकटात टाकल्यासारखा तोलून देतात. दुकानदारांनी निदान एवढं सांगावं की हा दोर मोटार लटकवायचा आहे, माणूस लटकवायचा नाही. आणि ग्रामपंचायतीनं सार्वजनिक विहिरीवर टीसीएलच्या पिशवीबरोबर एक कप्पी आणि दोर टांगायला एक आकडा बसवावा. त्याला फार पैसे लागत नाहीत. ज्या विहिरीवर एकच सामायिक पोहरा आणि एकच दोर कायम टांगलेला असतो, तिथं दहा घरांचे दहा दोर चिखलातून विहिरीत जात नाहीत.

विहिरीत उतरण्याबद्दल तर माझं मत टोकाचं आहे. मोटारीच्या दोराला धरून उतरूच नये, मग तो नवा असो की जुना. उतरायचंच असेल तर त्यासाठी वेगळा दोर असावा, तो ऊन, ॲसिड, चिखल यांपासून दूर घरात टांगलेला असावा, आणि वर किमान दोन माणसं असावीत. विहिरीतल्या कोंडलेल्या हवेचा धोका हा आणखी वेगळा विषय आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

त्या शेतकऱ्यानं नंतर नवा दोर आणला. या वेळी दुकानातच पेल्यात तुकडा टाकून बघितला म्हणे, दुकानदार हसला. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता. "सर, तोंडाजवळ पुन्हा हिरवं धरायलंय. काय करू?" म्हटलं, मोटार वर काढाल तेव्हा रात्रभर साध्या पाण्यात टाका आणि टोकं उलटी बांधा. "अन् डाग?" त्यांनी विचारलं. डागाचं मी काहीच सांगितलं नाही. मुलगा काय करतो, ते विचारलं. तो शेजारच्या विहिरीवर गेला होता, त्यांचा दोर बघायला.